पोस्टरवरच्या पोरीची आई

मी, गल्लीत अंडीवाली म्हणून ओळखली जाणारी, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर आणि मागची खुराडी माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावीत. परदेशी संस्थेच्या छोट्या कर्जातून कोंबड्या घेतल्या, त्यांवर हे घर उभं राहिलं. हे मी कधी लपवलं नाही. लपवलं ते वेगळंच.

पूर ओसरला तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती, नुसती हाडं उरली होती. संस्थेच्या तंबूतल्या नर्सबाईंनी पुडीतला गोड लगदा बोटाने चाटवून तिला जगवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. मग एक फोटोवाला आला. मुलीच्या अंगावर माझ्या बहिणीने शिवलेला नवा फ्रॉक होता.

"ताई, तेवढा फ्रॉक काढा. बरगड्या दिसल्या तरच लोक मदत देतात."

मी फ्रॉक काढला आणि तिला मांडीवर घेऊन बसले. तो फोटो पोस्टर होऊन जगभर फिरला. त्यावर जमलेल्या पैशातूनच आम्हा बायकांना कर्ज मिळालं.

मुलगी कॉलेजात असताना वर्गात ते पोस्टर दाखवलं. तिने माझा चेहरा ओळखला. घरी येऊन म्हणाली, "आई, मला घालायला काही नव्हतं?"

"होतं."

"मग?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने जेवायला वाढून घेतलं.

२. माझ्या धाकट्या दिराने जन्मभर 'भिकेच्या कोंबड्या' म्हणून हिणवलं आणि अंडी मात्र रोज चापली. त्याला अवेळी आरवणारा कोंबडा द्यावा. कोणी विचारलेलं नसताना बोलायची सवय दोघांनाही आहे.

३. बँकेतली शिल्लक बचत गटाला. नव्या बाईला कर्ज देताना तिला माइकसमोर उभी करून रडायला लावू नये.

४. ते पोस्टर संस्थेच्या कचेरीत अजून लावलेलं आहे. उतरवायचं की राहू द्यायचं, हे मुलीने ठरवावं. संस्थेने तिचं ऐकायचं कबूल केलं आहे. फोटो काढला तेव्हा तिला विचारता आलं नसतं. पुढे विचारता आलं असतं, पण माझी जीभ रेटली नाही.

तिने मला माफ करावं, अशी अट या कागदात कुठेही घातलेली नाही.

सही : अंडीवाली
साक्षीदार : शेजारचा शिंपी (सही), बचत गटाची खजिनदार (सही. अंगठा नको म्हणाली)
स्थळ : घराची पुढची खोली
दिनांक : ३ जून