दोन प्रश्नचिन्हं, एक पूर्णविराम

प्रिय इंद्रजीत,

पाकीट उघडताना तुला हसू आलं असेल. आईने कॅनडाला टपालाने पत्र धाडलं, आणि तेही टाइपरायटरवर बडवून! टायपिंगचा क्लास बंद केला तेव्हा बाकीची यंत्रं भंगारात दिली, हे एक ठेवून घेतलं होतं. रिबन आता नवी पेठेत कुणी ठेवत नाही. दुकानदार माझ्याकडे असा बघतो, जणू मी घोड्याचा नाल मागितलाय. शेवटी जुन्याच रिबनीला शाई चोळली. म्हणून अक्षर फिकं आहे आणि मधे मधे डाग पडलेत. पण या यंत्राचं एक बरं असतं, जे दाबावं तेच उमटतं.

माझं ठीक चाललंय. पाणी अजून चार-पाच दिवसांआड येतं, त्या दिवशी सकाळ पिंपं भरण्यात जाते. गुडघा कुरकुरतो. गेल्या महिन्यात जेऊरला तुझ्या रावजीकाकांच्या नातीचं लग्न झालं. पत्रिका टपालाने आली, बोलवायला कुणी आलं नाही. सख्ख्या भावजयीला नुसती पत्रिका टाकतात, याचा अर्थ तुला परदेशात राहूनही कळत असेल. तरी मी गेले. मांडवात मागच्या रांगेत बसले, तर माझ्या पाठीशी एक बाई दुसरीला सांगत होती, "हीच ती. नवरा मरणाला टेकला तरी पोराला कळवलं न्हाय. बापाचं तोंड बगू दिलं न्हाय की." मी अक्षता टाकल्या आणि न जेवता एस.टी. पकडली. तुझे अण्णा गेल्यापासून मी हे ऐकत आलेय. आधी आडून बोलायचे, आता पाठीमागे बसून बोलतात.

तुला ती दिवाळी आठवते का, नवा कॉम्प्युटर घेऊन आलास ती? काय कौतुक होतं अण्णांना! एस.टी. स्टँडवर सगळा जन्म गाड्यांची घोषणा करण्यात गेलेला माणूस, त्यांनी गल्लीत घोषणा करायचीच बाकी ठेवली होती. तू पुढच्या खोलीत माझ्या क्लासच्या टेबलावर तो मांडलास आणि त्यात ई-मेलचा प्रोग्राम बसवलास. फोनवरच्या चिमुकल्या कळफलकावर एका बोटाने टोचत बसणं मला जमत नाही, दहा बोटांची सवय आहे, म्हणून मीच तो मागितला होता. येणाऱ्या मेलचा सर्व्हर, जाणाऱ्या मेलचा सर्व्हर, पासवर्ड, सगळं तू भरलंस, कानाला फोन लावलेला असतानाच. एकदा पासवर्ड चुकला, एकदा मेल जाईना. मग तू कसलेसे पर्याय उघडून भराभर काहीतरी बदललंस, स्वतःलाच 'टेस्ट' असं इंग्रजीत लिहून पाठवलंस, ते तुझ्या फोनवर टुणकन वाजलं, आणि तू म्हणालास, झालं आई, आता लिही खुशाल. मी तुझ्यासमोर पोरांच्या कितीतरी तुकड्यांना मराठी टायपिंग शिकवलं आणि माझ्या पोराने तपासणी इंग्रजीत उरकली. पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट अभिमानच वाटला.

मग मी लिहीत राहिले. गल्लीतल्या बातम्या, भाकरीचं पीठ, तुझ्या शाळेसमोरचं बोराचं झाड तोडलं ते. तुझी उत्तरं यायची, छोटी पण वेळेवर. 'वाचलं. छान. काळजी घे.' कधी 'मस्त' असायचं. मी स्वतःची समजूत काढायची, कामाचा माणूस आहे, वाचतो हेच पुष्कळ. अण्णांनाही तेच सांगायची.

पुढच्या पावसाळ्यात अण्णांच्या मूत्रपिंडाचं निदान झालं. ते तुला मी सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. म्हणाले, "त्याला नगं सांगू. नोकरी टाकून पळत यील, आन् मी बरा झालो तर उगं वनवास." डायलिसिसला तर त्यांनी सरळ नाही म्हटलं, सुयांना भिणारा माणूस. घरात स्मार्ट फोन एकच आणि तो त्यांच्या खिशात. रविवारी तुझा फोन आला की तो स्पीकरवर, आणि हे मोठ्या आवाजात, आमी एकदम झकास म्हणून सांगणार. मी शेजारी बसून मान हलवायची. एकच जागा मला मोकळी होती, पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर. मी टाइप करायला लागले की आत पडल्या पडल्या त्यांना वाटायचं, मुलांसाठी उतारे काढतेय. त्यांची शपथ मी अशी मोडली. एका दुपारी दार लोटून घेतलं आणि तुला सगळं लिहिलं.

त्याच दिवशी तुझं उत्तर आलं. 'वाचलं. छान. दोघं मजेत राहा.'

इंद्रजीत, ते उत्तर मी तीनदा वाचलं. वाटलं, घाईत असेल. आठवड्याने पुन्हा लिहिलं, अण्णांच्या पायांवर सूज चढली आहे, डॉक्टर आता महिन्यांची नाही, आठवड्यांची भाषा बोलतात. तुझं उत्तर आलं, 'वाचलं. मस्त. अण्णांना नमस्कार.' त्यानंतर मी लिहिलं नाही. तू म्हणशील, शेजारणीचा फोन मागून घ्यायचा होता. कशाला? बाप मरतोय हे वाचून मस्त म्हणणाऱ्याला फोनवरून काय ऐकवायचं? भीक मागायची का, ये रे बाबा म्हणून? मी मागितली नाही आणि अजूनही मला त्याची लाज वाटत नाही. अण्णा गेले तेव्हा फोन रावजीभावजींनी केला.

तू दहाव्याला पोचलास. ढसाढसा रडलास. आणि सगळी भावकी बसलेली असताना मला विचारलंस, "आई, एका शब्दाने तरी कळवायचं होतंस." मला वाटलं, केवढा नटवा पोरगा जन्माला घातला मी! बोलायला तोंड उघडलं असतं तर मयताच्या घरात तमाशा झाला असता, म्हणून उठले आणि आत चहा ठेवायला गेले. तेवढ्याने सगळ्यांना काय ते समजलं. रावजीभावजी म्हणाले, "वैनी, चुकलं तुमचं. पोराला कळवाया पायजे हुतं." आतून मी ऐकलं आणि कप विसळत राहिले. एक मात्र जाताना माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. आणखी काही विचारता विचारता तू मधेच थांबलास. तुझी नजर त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेली आणि तुझा चेहरा उतरला. मी धरून चालले, लाजला. त्यानंतर तू तो प्रश्न परत कधीच विचारला नाहीस.

मधे बरेच महिने गेले. आता या महिन्यातली गोष्ट ऐक. क्लास बंद केल्याचा अर्ज मी परीक्षेच्या ऑफिसला ई-मेलने पाठवला. आजवर तिकडे नुसते फॉर्म जोडून पाठवायची, अर्ज म्हणून असा मराठीत लिहिलेला पहिलाच. तिथे माझी जुनी विद्यार्थिनी रेश्मा ऑपरेटर आहे. तिचा फोन आला, "बाई, ह्ये काय पाठवलंय? नुसती प्रश्नचिन्हं आलीत की हो. वरपासून खालपर्यंत." मला वाटलं, तिचाच कॉम्प्युटर बिघडला. तिने मला सांगितलं, पाठवलेल्या मेलचा कप्पा उघडून बघा. मी तो कधी उघडला नव्हता. आपण टाकलेलं पत्र पुन्हा कोण वाचत बसतं?

उघडलं. परीक्षेचा अर्ज प्रश्नचिन्हांचा. त्याच्या खालचं तुझं पत्र प्रश्नचिन्हांचं. त्याच्या खालचंही. दिवाळीपासूनचं एकूण एक. रेश्मा फोनवरून सांगत गेली तसं मी पर्यायांत शिरले. पाठवायच्या मेलचं एन्कोडिंग असं एक खातं असतं, तिथे वेस्टर्न युरोपियन निवडलेलं होतं. म्हणजे या प्रोग्रामला बजावलं होतं की बाई इंग्रजी, फ्रेंच काय ते लिहील, दुसरं काही आलं तर फेकून दे. तो बिचारा हुकमाचा ताबेदार. प्रत्येक मराठी अक्षर फेकत गेला आणि त्याच्या जागी खूण म्हणून प्रश्नचिन्ह ठेवत गेला. मी तिथे युनिकोड, म्हणजे मराठीही चालणारं, ते निवडलं, ओके दाबलं, आणि मराठीत एक शब्द रेश्माला पाठवला. जसाच्या तसा पोचला. एवढंच काम होतं. तू एकदा म्हणाला असतास, आई, तुझं पत्र दिसत नाही, तर चहा उकळायच्या आत झालं असतं.

तुझा राग करायचा म्हणून मी राग केला नव्हता रे. तू दगड आहेस असं मानून वर्ष काढलं. आता कळलं की तू दगड नव्हतास, तू फक्त वाचलं नव्हतंस. पण त्याने सुटका झाली नाही. कारण पहिलं पत्र आलं तेव्हाच तुला कळलं होतं की वाचता येत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर माणूस तू. शनिवारी बघू, रविवारी बघू असं झालं असेल. मग इतके दिवस गेले की आता सांगायची लाज वाटली असेल. आई काय लिहिणार, पीठ आणि बोराचं झाड, म्हणून 'वाचलं' लिहून मोकळा होत राहिलास. यातलं मी सगळं समजू शकते. पण दहाव्याला त्या कॉम्प्युटरकडे नजर गेली तेव्हा तुला आठवलं ना? न वाचलेल्या पत्रांत काय असणार, ते त्या क्षणी तुला उमगलं ना? आणि तू गप्प बसलास. भरल्या घरात रावजीभावजी मला बोल लावत होते, तू खाली मान घालून ऐकत होतास, ते मला आतून दिसत होतं, आणि आईचं नाव जातंय ते जाऊ दिलंस. पत्रं वाचली नाहीस याचं दुःख एका पारड्यात आणि हे दुसऱ्यात. हे जड आहे.

परवाच्या रविवारी तू फोनवर म्हणालास, "आई, तुझी पत्रं बंद झाली. वाचायला फार बरं वाटायचं गं." तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, लिहीन. फोन ठेवला आणि यंत्रावरची झाकणी काढली.

अण्णांच्या शेवटच्या दिवसांतलं जे मी लिहिलं होतं ते आता कुठेच नाही. माझ्या कप्प्यात प्रश्नचिन्हं, तुझ्याही कप्प्यात प्रश्नचिन्हं. त्यांचं बोलणं मी ऐकलं तसं टाइप केलं होतं, शब्दही न बदलता. फक्त शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि पूर्णविराम वाचलेत. पण मी जन्मभर ठोके मोजत आले. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाचा वेगळा ठोका आणि प्रत्येक ठोक्यामागे एक प्रश्नचिन्ह. त्यावरून आजार कळवलेल्या त्या पहिल्या पत्राच्या ओळी मी बोटांनी आठवत बसले, जिथे अडले तिथे टेबलावर टाइप करून बघितलं. बरंचसं हाती लागलं. त्यात असं होतं: अण्णांची मूत्रपिंडं गेली आहेत. तुला सांगायचं नाही म्हणून त्यांनी शपथ घातली आहे. स्वतः ते तुला ये म्हणणार नाहीत, पण काल गादीवाल्याला हाक मारून तुझी गादी पिंजून घेतली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, "आसू दे. आला तर?" रोज दुपारी उठले की त्या गादीवर हात फिरवतात. मी कळवलं हे त्यांना कळू देऊ नकोस, अचानक आल्यासारखा ये.

त्याच पत्रात सहीच्या वर, शेवटच्या ओळीत, फक्त दोन प्रश्नचिन्हं आहेत आणि एक पूर्णविराम. तू, मी, आई, सगळ्यांची दोनच होतात, परक्याला काही कळायचं नाही. पण ते मी लिहिलेलं आहे. ते 'ये.' आहे. पुढच्या महिन्यात अण्णांचं वर्षश्राद्ध आहे. दहाव्याला होते तेच सगळे येतील, रावजीभावजींना मी स्वतः जेऊरला जाऊन बोलावून आले आहे. त्यांच्यासमोर उभा राहून एवढंच सांग, आईने कळवलं होतं, मी वाचलं नव्हतं. मला तुझी माफी नको, माझं नाव परत हवंय. या पत्राला 'वाचलं' असं उत्तर पाठवू नकोस, फोनही करू नकोस. गादी अजून तशीच आहे. ये.

या वेळी तरी वाचता येईल अशी,
तुझीच
आई