सकाळी देवमासे, दुपारी वाइन

२ सप्टेंबर, मंगळवार

आज नऊ पाहुणे. सकाळी बोटीतून देवमासे, दुपारी आमच्या कोठारात वाइन — हा क्रम मोडायचा नाही. पहिल्या वर्षी एकदा उलटा केला होता. बोट धुता धुता नेलियूने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याच्याही त्याच पिढ्या, चुलतभाऊच तो! पण रागात माणसाला हिशोब राहत नाही.

बाबा नेहमीसारखे कड्यावरच्या टेहळणीच्या खोलीतून रेडिओवर: "दोन फवारे. आग्नेयेला, चार मैल." नेलियू बोट घेऊन गेला. तिथे काही नाही! नुसता फेस. तासाभराने भलत्याच बाजूला एक शेपटी दिसली म्हणून निभावलं. एका डच बाईंना बोट लागली होती. उलटी झालेल्याला मी वाइन देत नाही. "आता तर हवीच!" म्हणाल्या. तीन पेले घेतले, आमच्या चीजची कृती लिहून घेतली आणि निघताना माझ्या गळ्यात पडून रडल्या.

बाबा चुकले, हे मात्र टोचतंय. मधली काही वर्षं सोडली तर पंचावन्न वर्षं त्या खोलीत बसताहेत. शिकार होती तेव्हा भालेवाल्यांना वाट दाखवायचे, आता कॅमेरेवाल्यांना. स्वतः मात्र एकाही देवमाशाच्या जवळ गेलेले नाहीत — बोट लागते! समोरच्या फायाल बेटावर जायचं तरी डोळे मिटून, ओठ आवळून बसतात.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज पुन्हा चुकले. दुपारी मक्याचा पाव आणि लिंगुइसा सॉसेज घेऊन वर गेले. पावलावरून ओळखलं. "आलीस?" म्हणाले, वळले नाहीत. मग पेल्यात वाइन ओतली — काठावरून एक बोट आत घालून. भरला की बोटाला कळावं म्हणून.

मी ते पाहिलं. मी पाहिलं हे त्यांना दिसलं नाही. आणखी काय कळायचं राहिलं!

५ सप्टेंबर

बोलले नाही. भित्री आहे मी.

७ सप्टेंबर, रविवार

मिस्सा सुटल्यावर नेलियूने देवळाच्या पायरीवरच गाठलं.

"शेजारच्या गावातला माणूस घेऊ टेहळणीला. काकांना तू सांग."

"तू सांग की. बोट तुझी."

"बाप तुझा!"

बराच वेळ हेच. शेवटी ठरलं, द्राक्षतोड होईपर्यंत गप्प बसायचं. तोवर मळ्याच्या सगळ्यात वरच्या दगडी गडग्यावर मी दुर्बीण घेऊन उभी राहणार आणि नेलियूला फोन करणार. बाबांना कळता कामा नये. ती खोली गेली तर त्यांचं उरतं काय? आई गेल्यापासून तिथेच तर जगतात.

९ सप्टेंबर, मंगळवार

बाबांची दिशा एक, माझी दुसरी, आणि पाहुण्यांना दोन्ही ऐकू जायच्या. म्हणून नेलियूने रेडिओच बंद ठेवला. परतल्यावर बाबांना "बरोब्बर सांगितलंत, काका!" म्हणाला. खोटं बोलताना याचे कान लाल होतात, पण ते दिसायला हवेत ना कुणाला.

माझा पहिला प्रयत्न फसला. "पाहुण्यांना लाटेचं दर्शन घडवलंस. धन्य आहेस," नेलियू फोनवर. दुसऱ्या खेपेला मात्र — फवारा! पुढे झुकलेला, डावीकडे तिरका, लहानपणी बाबांनी शिकवला होता अगदी तसा! मी गडग्यावर एकटीच नाचले. खालच्या मळ्यातून शेजारीण ओरडली, "मुंग्या चढल्या काय गं?"

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "डोळे शाबूत आहेत अजून." मी हो म्हटलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

हात अजून चिकट आहेत, पण आज लिहायलाच हवं.

द्राक्षतोड सुरू. गावातले जुने भालेवाले मदतीला आलेले, सगळे म्हातारे — सगळ्यात तरुण अडुसष्टचा! साडेदहाला धडाम! आकाशात फटाक्याचा बाण. सणाचे उडतात ते देवळापासून. हा टेहळणीवरून होता. शिकारीच्या दिवसांत तिथून बाण सुटला की हातातलं टाकून धक्क्यावर धावायचं — बारसं असो की मयत. चाळीस वर्षांत उडाला नव्हता.

आणि आमचे म्हातारे धावले! टोपल्या टाकून, द्राक्षं तुडवत, गडगे ओलांडत. अमारूचा गुडघा दुखतो म्हणून त्याला मी टोपली उचलू देत नव्हते. तोच पहिला पोचला. धक्क्यावर ना होडी, ना भाला. एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले, मग जे हसत सुटले! अमारू हसता हसता खालीच बसला.

मी कड्यावर पळाले. खाली, अगदी खाली, डझनभर देवमासे — पिल्लांसकट! मी द्राक्षांत बुडालेली, नेलियू दोन मैल भलतीकडे. बाबा अर्धा तास रेडिओवर ओरडत होते. कुणी उत्तर देईना, म्हणून सणाचा उरलेला बाण पेटवला.

"दिसले तुम्हाला?"

"ऐकू आले." मग माझ्याकडे वळून, "रेडिओ कधीपासून बंद आहे, इडा?"

सगळं सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि गडग्यावर हात टेकत टेकत घरी गेले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

१४ सप्टेंबर

बोलत नाहीत. सूप मात्र दोनदा घेतलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

बोलले! न्याहारीच्या वेळी, मधेच.

"डावा डोळा गेलाय. उजवा नाताळपर्यंत टिकेल म्हणाले डॉक्टर. वसंतातच म्हणाले."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

मी रडले. तेही. मग दोघांनाही हसू आलं — एकाच मातीची मडकी! नाक पुसून त्यांनी माझी परीक्षाच घेतली.

"फवारा कसा?"

"पुढे झुकलेला. डावीकडे तिरका."

"हं. बरी आहेस." चहा संपवला. उठता उठता म्हणाले, "बोटीत उलटीच्या पिशव्या असतात ना गं?"

पाहुण्यांची काळजी वाटली असेल. असतात म्हटलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

टेहळणीवर मी. बोटीवर बाबा.

सव्वादहाला दिशा दिली. रेडिओवर आधी त्यांची उलटी ऐकू आली. मग: "इडा, या देवमाशांच्या तोंडाला वास येतो! पंचावन्न वर्षांत एकानेही सांगितलं नाही मला!" मग खरखर. मग, अगदी हळू — "दिसला गं. सगळा दिसला."