निळ्या गाडीच्या बॉनेटविषयी आणि बाकीच्या मिळकतीविषयी

मी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा मोटारींचे रंगकाम, हे मृत्युपत्र राहत्या घरी पुढच्या खोलीत बसून सांगत आहे. काचबिंदूने माझे दोन्ही डोळे गेले. डोके जागेवर आहे. सांगणारा मी, लिहिणारे शेजारचे शिंपी. मला कोणी भरीस घातलेले नाही. शिंपी अधूनमधून खाकरतात, त्याला दडपण म्हणता येणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची पत्र्याची शेड, आणि बँकेत जे काही असेल ते, माझ्या एकुलत्या मुलाला मिळावे. त्याची आई आता नाही. शेडमधला नळ गळतो. वायसर बदलून घ्यावा, नळ आणखी आवळू नये.

२. निळी गाडी मात्र सुनेला द्यावी. मुलाला वाईट वाटेल, म्हणून कारण लिहून ठेवतो.

दिसेनासे झाल्यावरही मी दर रविवारी गाडी हातांनी चाचपून धूत असे. दोन वर्षांपूर्वी बॉनेटवर पक्ष्यांची घाण वाळली होती. मला मदत व्हावी म्हणून सुनेने ती भांड्यांच्या तारेच्या घासणीने खरवडून काढली. मी तळवा फिरवला, तर रंगावर ओरखडेच ओरखडे लागले.

“कोणी केलं हे?” मी विचारले.

“मी,” ती लगेच म्हणाली. “डाग निघत नव्हता, बाबा.”

मी तिला नको ते बोललो. गाडीला हात लावायचा नाही, म्हणालो. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, “बाबा, विकून टाकू या. तुम्हाला चालवता येत नाही, दिसत नाही, मग हा जीव कशाला टाकायचा तिच्यावर?” त्याचे चुकले नाही, पण मला ते लागले. चार दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. पाचव्या दिवशी सुनेने शेडमध्ये स्टूल आणून ठेवले. “बसा. कसं काढायचं ते सांगा, मी करते.”

आम्ही तीन रविवार ते काम केले. आता ती मला शिकवेल इतकी तयार आहे. तरी मुलाने कधी मनावर घेतले तर त्याच्यासाठी लिहितो. भांड्यांचा साबण वापरू नये, तो वॅक्स खाऊन टाकतो. गाडीचा सौम्य शाम्पू घ्यावा. बादल्या दोन हव्यात, एक शाम्पूची, दुसरी मळका हातमोजा खंगाळायची. गाडी सावलीत उभी करावी. जमिनीवर पडलेले फडके उचलून पुन्हा रंगाला लावू नये, मग ते कितीही झटकलेले असो. धुऊन झाल्यावर बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून हात फिरवावा. खरखर लागली तर रुतलेली धूळ ओढून घेणारा क्लेचा, म्हणजे गाडीसाठी मिळणाऱ्या चिकणमातीचा, मऊ गोळा पाण्यासोबत अलगद फिरवावा. बाटलीवर काय लिहिले आहे यावर जाऊ नये. सौम्य पॉलिशने आधी वीतभर जागेवर करून पाहावे, भागले नाही तरच कडक कंपाउंड घ्यावे. वॅक्स पातळ लावावे. जाड लावल्याने चमक वाढत नाही, पुसणाऱ्याचा हात दुखतो.

ओरखडे निघाले का, हे मला कळेना. मी तिला म्हणालो, “वरच्या ट्यूबलाइटची कड बॉनेटमध्ये सरळ दिसते का बघ.” ती म्हणाली, “दिसते. एका ठिकाणी तुटते.” मी बोट लावून पाहिले. ओरखडा खोल होता आणि वरचा पारदर्शक थर आता पातळ झाला होता. मी तिला थांबायला सांगितले. तो ओरखडा अजून आहे. नव्या मालकिणीने तो तसाच ठेवावा.

३. फडकी, हातमोजे, बादल्या, उरलेल्या बाटल्या गाडीबरोबर जातील. फडकी धुताना कपडे मऊ करणारे औषध घालू नये.

४. पॉलिशिंग मशीन माझ्या धाकट्या भावाला द्यावे, आणि हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

आम्ही दोघे एकाच कारखान्यात होतो. मी चौतीसचा, तो सत्तावीसचा. एका दुपारी गिऱ्हाइकाच्या लाल गाडीच्या दाराच्या कडेवर मी मशीन जास्त वेळ धरले आणि रंग जळून खालचा राखाडी थर उघडा पडला. मी मशीन ठेवून पाणी प्यायला गेलो. परत आलो तेव्हा भाऊ दारापाशी वाकून ते पाहत होता आणि मालक त्याच्या मागे उभे होते. “कोणाच्या हातून झालं?” मालकांनी विचारले. मी ~~खोटे बोललो~~ गप्प बसलो. संध्याकाळी भावाला काढून टाकले.

पुढे त्याने गाड्या धुण्याचे केंद्र काढले, मोठ्या फिरत्या ब्रशांचे. तिथे रंगावर बारीक ओरखड्यांचे कोळ्याचे जाळे विणून मिळते, असे मी गावभर सांगत फिरलो. ब्रशांबद्दल माझे मत आजही तेच आहे. पण मला राग ब्रशांचा नव्हता. तो समोर आला की मला तो दरवाजा आठवे, म्हणून मी त्याला समोर येऊ दिले नाही. सून त्या दिवशी एका दमात “मी” म्हणाली. सदतीस वर्षांत मला तेवढे जमले नाही.

५. वरचे कलम लिहून झाल्यावर शिंप्यांनी पेन खाली ठेवले. “हे मेल्यावर कशाला सांगता? तो तीन गल्ल्यांपलीकडे राहतो.” काम तिथेच थांबले. आज, पुढच्या रविवारी, ते पुन्हा सुरू करत आहोत.

मधल्या बुधवारी सुनेने मला निळ्या गाडीतून भावाकडे नेले. ती बाहेर थांबली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले. मागे ब्रश फिरतच होते. मग त्याने मशीन बंद केले.

“मला माहीत होतं, दादा. तुझ्या बाह्यांवर लाल धूळ होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“वहिनीला सातवा महिना होता. मी एकटा होतो, माझं कसंही भागलं असतं.” मग तो म्हणाला, “तू येशील असं मला पहिलं वर्षभर वाटत होतं.”

त्याने मला खुर्चीवर बसवले.

आज तो माझ्या शेजारी बसला आहे. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे शिंप्यांनी सांगितले. भाऊ म्हणाला, “मशीन नको मला. मी सही करतो.” म्हणून मशीनही सुनेला द्यावे. कलम चार त्याने पुन्हा वाचायला लावले आणि दोन शब्द खोडायला सांगितले. “खोटं नाही बोललास, गप्प बसलास. तेवढं बरोबर लिहा.” त्याप्रमाणे खोडून बदल केला आहे.

सर्व मजकूर शिंप्यांनी मला दोनदा वाचून दाखवला. तो माझ्याच मनचा आहे. सहीची जागा मला दिसत नसल्याने माझे बोट धरून भावाने ती दाखवली.

सही: मृत्युपत्र करणारा
लिहिणार: शेजारचे शिंपी
साक्षीदार पहिले: आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरा: सही करणाऱ्याचा धाकटा भाऊ

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख बारा, महिना तिसरा, रविवार, सकाळचे अकरा