समोरची खोली, पितळी कड्या आणि घाटावरचा शब्द

मी, निशिगंधा उद्धवराव बोराटे, पासष्टी ओलांडलेली, राहणार डांगे चौकाजवळ, थेरगाव, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि पुरत्या शुद्धीत करत आहे. गुडघे आणि छाती कुरकुरतात. डोक्याची तक्रार नाही, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट या विषयावर दोन्ही मुले माझ्यासमोर तोंड मिटून बसतात, आणि त्याचेच मला दडपण वाटते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे वारस दोन. मुलगा निरंजन, राहणार पिंपळे गुरव. मुलगी तनुजा, राहणार मोशी. दोघेही मला भेटायला न चुकता येतात, पण एक शनिवारी आणि एक रविवारी. गाठ पडू नये म्हणून.

२. थेरगावचे दुमजली घर यजमानांनी माझ्या नावावर घेतले. त्यावर कोणाचा बोजा नाही. वरचा मजला निरंजनला द्यावा. खालचा मजला, समोरच्या खोलीसह, तनुजाला. जिना दोघांचा. तो कोणी अडवू नये. कुंड्या ठेवूनसुद्धा नाही.

समोरच्या खोलीविषयी लिहायला हवे. तिथे मी चाकणच्या कंपन्यांतल्या कामगारांना इंग्रजी शिकवत आले. सुपरवायझर व्हायचे तर शिफ्टचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो, आणि ही मंडळी दोन पुरी वाक्ये मध्ये एक कॉमा टाकून चिकटवतात. मशीन बंद पडले, कॉमा, आम्ही मेन्टेनन्सला कळवले. खडकीच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, दम लागला म्हणून कॉमा द्यायचा नसतो. दोन्ही वाक्ये आपापल्या पायांवर उभी असतील, तर पूर्णविराम द्या, नाहीतर अर्धविराम. आणि कॉमाच हवा असेल तर त्याला अँड, बट, सो अशा एखाद्या शब्दाची सोबत द्या. हे मी परोपरीने सांगायची. एकदा मोशीचा वेल्डर ओंकार म्हणाला, "म्हणजे मॅडम, नुसता कॉमा हा टॅक झाला, तात्पुरता टाका. पक्का वेल्ड मारायचा राहिलाच की!" वर्ग हसला, आणि आतून यजमान ओरडले, "अगं, हे मला आधी नाही का सांगायचं?"

ते टूलरूममधले फिटर. त्यांनी भंगारातल्या पितळेच्या लांब पट्ट्या केल्या, वाक्यांसाठी. जोडायला कड्या केल्या, एक कॉमाची, बाकीच्यांवर अँड, बट, सो असा एकेक शब्द कोरला. कॉमाची कडी एकटी अडकवली की पट्टी उचलताच निसटते. शेजारी शब्दाची कडी बसवली की धरते. अर्धविरामाला मात्र एकच डोकेदार खिळा. तो एकटा पुरतो.

३. ही पितळी पेटी तनुजाला. खरे तर पट्ट्या एकाला आणि कड्या दुसऱ्याला, असे लिहायचे माझ्या मनात होते. रणजीत वकील हसले. म्हणाले, "मावशी, असं सिनेमात जमतं. इथं अर्धी पेटी माळ्यावर जाईल आणि अर्धी भंगारात." पटले. यजमानांचा मायक्रोमीटर आणि कानशी निरंजनला. लहानपणी त्यांना हात लावल्याबद्दल त्याने मार खाल्ला आहे.

४. आता जे लिहायला जड जाते ते. यजमानांचा दहावा मोशीला, इंद्रायणीच्या घाटावर झाला. पिंडाला कावळा शिवेना. उन्हात सगळे ताटकळले. माझी चुलत जाऊ कुशाबाई म्हणाली, "कायतरी ऱ्हायलंय त्येच्या मनात. बोला की कुणीतरी!" कोणी बांधाचे बोलले, कोणी नातीच्या लग्नाचे. कावळा झाडावरच. मग निरंजनने हात जोडले. "अप्पा, आईचा वर्ग बंद पडू देणार नाही." कावळा उतरला. बायका रडल्या. माझे काय करायचे ते असे माझ्यादेखत, मला न विचारता ठरले.

पुढे मी शिकवता शिकवता कोसळले. मला उचलून नेणारा निरंजनच होता. तो फार घाबरला. दवाखान्यातच म्हणाला, वर्ग बंद, खोली औषधाच्या दुकानाला देऊ. तनुजा म्हणाली, "घाटावर काय बोललास, दादा?"

"तो कावळा होता, रजिस्ट्रार नव्हता."

"मग नदीवर जा आणि अप्पांना तसं सांगून ये."

तो चहा न घेता उठला. त्यानंतर बहीण-भाऊ बोललेले नाहीत.

आई थकली आहे. आईला वर्ग हवा आहे. निरंजन पहिल्या वाक्याशी थांबतो, तनुजा दुसऱ्यापासून वाचायला लागते. मध्ये बट घालून मीही पाहिले. त्याने एक वाक्य दुसऱ्याला ढकलते. अँड घातले तर दोन्ही खरी राहतात. मी जन्मभर हे परक्या पोरांना शिकवले. घरात मात्र ती कडी कुठे बसवावी, ते मला उमगत नाही. म्हणून घर वाटून देत आहे.

५. निरंजनने घाटावर दिलेल्या शब्दातून मी त्याला मोकळे करते. वर्ग चालवायचा की नाही, ते तनुजाने आपल्या सवडीने ठरवावे. तिच्यावरही माझ्या शब्दाचे बंधन नाही.

६. कुशाबाईवर माझा राग आहे. तरी माझी जरीकाठाची शाल तिलाच द्यावी. त्या दिवशी उन्हात तिने आपला पदर माझ्या डोक्यावर धरला होता.

७. तनुजा, हे तुझ्यासाठी. तू बोललीस, त्यानंतर काही दिवसांनी ओंकार मला सांगून गेला, "मॅडम, निरंजनदादा घाटावर दिसले. एकटेच उभे होते, हात जोडून." काय बोलला ते निरंजनने मला सांगितले नाही, मी विचारले नाही. तो गेला होता, एवढे तुला ठाऊक असावे. मी हयात असताना हे सांगायचे धाडस झाले नाही. तू पुन्हा त्याला विचारशील आणि तो पुन्हा उठून जाईल, अशी भीती वाटली.

८. माझा दहावा त्याच घाटावर करावा. कावळा आला नाही तर कोणी काही कबूल करू नये. कुशाबाईला आधीच बजावून ठेवावे. खुशाल दर्भाचा कावळा करून शिववावा. कावळ्याची वाट पाहायची ती दोघांनी शेजारी उभे राहून पाहावी. ऊन असेल. तनुजा, दादाच्या डोक्यावर पदर धर.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट रणजीत काळभोर यांनी करावी. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: निशिगंधा उद्धवराव बोराटे

साक्षीदार:
ओंकार भिमाजी सस्ते, मोशी
दादासाहेब बारणे, शेजारी, थेरगाव

स्थळ: समोरची खोली, थेरगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार. तनुजा यायची आहे.