यंदा कोठी मी भरली

१८ ऑक्टोबर
मका निघाला. हिवाळाभर तीन गाईंचा खुराक हाच. तीस वर्षं साठवणुकीचं बायको बघत आली, यंदापासून मी. तिला तसं सांगितलं. ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं. पत्र्याची नवी कोठी आणली आहे. प्लॅन तयार.

२० ऑक्टोबर, सकाळी
टेस्टिंग. ढिगाच्या चारी बाजूंचे दाणे चावून पाहिले. ओला दाणा दाताखाली दबतो, वाळलेला कट्ट वाजतो. वीसपैकी वीस कट्ट. बायको म्हणते अजून चार उन्हं द्या, तुमच्या कवळीखाली साबणाची वडीसुद्धा कट्ट वाजेल. कवळी ऑगस्टमध्येच बसवली. डॉक्टरने गॅरंटी दिली आहे. हिच्याकडे कसली गॅरंटी आहे?

दुपारी
शेजारी ओलावा मोजायचं मीटर घेऊन आला. अठरा टक्के. चौदाच्या आत हवा म्हणे. त्याच्या स्वतःच्या मक्याला त्याच मीटरने तेरा दाखवले. मीटर कोणाचं, हे लक्षात घेतलं की सगळा उलगडा होतो.

२१ ऑक्टोबर
कोठी भरली. झाकण घट्ट. बायकोने आठ पोती बाजूला काढून गच्चीवर पसरली. मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

८ नोव्हेंबर
कडाक्याची थंडी. कोठीत कोपरापर्यंत हात घातला, आत छान ऊब. पत्रा उत्तम निघाला. शेजाऱ्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यानेही हात घातला आणि आजच्या आज रिकामी करा म्हणाला. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

२३ नोव्हेंबर
झाकणाला आतून पाणी सुटलंय. आंबूस वास. सून म्हणते दारूसारखा येतोय. तिला हा वास कसा माहीत? मुलाशी बोलायला हवं.

२ डिसेंबर
वर हिरवट पापुद्रा आलाय. एका अर्थी नैसर्गिक सीलच. संकल्प: थंडी संपेपर्यंत झाकण उघडायचं नाही. सारख्या उघडझापीनेच माल बिघडतो. बिघडलेला नाही, पण बिघडतो.

९ डिसेंबर
खुराकासाठी उघडावंच लागलं. गाईंनी तोंड लावलं नाही. गुरांचा डॉक्टर म्हणाला, एक मूठसुद्धा घालू नका, बुरशी विषारी आहे, त्यात तांबडी गाभण. खालचा माल चांगला असेल म्हणून फावड्याने उपसत गेलो. तळापर्यंत काळा. मुलाने आणि मी खड्डा खणून सगळा पुरला.

१४ डिसेंबर
बायकोची आठ पोती दोन गाईंना कशीबशी पुरतील. तांबडीला थंडी संपेपर्यंत साडूंकडे ठेवायचं ठरलं. रस्ताभर तिचा दोर मीच धरला होता. फार वाईट वाटलं.

साडूंनी विचारलं, एवढा मका पिकला आणि गाय कशी काय आणलीत? मी उत्तर तयार ठेवलं होतं, हवामान, पत्रा वगैरे. पण त्याआधीच बायको म्हणाली, यंदा वाळवायला माझ्याकडूनच कमी पडलं. मग साडूंनी तिला धान्य कसं वाळवतात ते समजावून सांगितलं, चांगलं अर्धा तास. ती मान डोलावत ऐकत होती. मी चहा पीत होतो.