खाडीचं पाणी

मंगळवार, १२ ऑगस्ट

मनाली नोकरीला ठाण्याला गेली आणि तिच्या कोरलाची, म्हणजे जिवंत पोवळ्याची, काचेची टाकी माझ्या गळ्यात मारून गेली. वर मलाच बजावलंन, "आई, पाणी पिशवीतलं मीठ घालूनच कर हो." दाराशी समुद्र असताना मीठ विकतचं? गेल्या आठवड्यात अर्धी टाकी उपसून मी भाट्याच्या खाडीचं पाणी ओतलं. आता कोरलाचं मांस बुडापासून सुटतंय, आतलं पांढरं हाड दिसतंय. आणला तेव्हा अंगठ्याएवढा तुकडा होता, पोरीने चार वर्षं वाढवलान.

परवा कोरल नि मीठ विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. "काकी, पाणी कुठलं घातलंत?" म्हणाला. मी म्हटलं, "तुमच्याच मिठाचं." का खोटं बोलले? त्याने मग रोग समजून आयोडीनच्या पाण्यात बुडवायला सांगितलं. बुडवलं. आज आणखी दोन फांद्या सोलल्या गेल्या, पांढरं हाड वर चढतंय.

संध्याकाळी टाकीतलं पाणी जिभेला लावलं. जेमतेम खारट. पावसात खाडीला गोडं पाणी उतरतं, हे खाडीवर जन्म काढलेल्या मला आठवू नये?

आत्ता मनालीला फोनवर बोलून पाठवलं, "पाणी खाडीचं होतं गो, दुकानदाराला मी खोटं सांगितलं. आता पिशवीतल्या मिठाचं पाणी थोडं थोडं घालतेय. वरची एक फांदी अजून तपकिरी, जिवंत आहे. ती कापून वेगळी ठेवू की नको, त्याला विचार. शिव्या नंतर घाल. पांढरं रोज बोटभर वर येतंय, गुरुवारपर्यंत सांग, शुक्रवारी कापायला काही उरणार नाही."