मर्यादवेलीवरची माशी

अर्नाळा, ४ नोव्हेंबर १९९८

प्रिय विनया,
आशीर्वाद.

सोमवारी माझं ऑपरेशन आहे, म्हणून लिहिते. गाठ लहान आहे. मी घाबरले आहे ती ह्यांच्यासाठी. आजारी पडल्यापासून हे फक्त माझ्या हातून जेवतात. आठवडाभर मी नसले तर उपाशी राहतील.

इथे किनाऱ्यावर फुलपाखरं कुठल्याही फुलावर बसतात. एक रानमाशी मात्र मर्यादवेलीच्या जांभळ्या फुलांवरच येते. वेल उपटली की दिसत नाही. ह्यांना तसं मीच केलं. चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाला वाढू दिलं नाही.

शेजारची फिलोमिना म्हणाली, "बाय, मी भरवीन ना!" काल तिला पाहून ह्यांनी ओठ मिटले.

तुझा गुडघा कसा आहे? चालवत असेल तर लगेच नीघ.

तुझी ताई

फिलोमिनाकडे दिलं: घराची किल्ली, ह्यांच्या गोळ्या, आणि भरवताना नेसायला माझी जांभळी साडी.